पंगतीत दादाची जागा

सर्जननी कागदावर माणसाच्या कमरेखालचा भाग काढला आणि त्यात पेनानं एक गोळा रंगवला. चित्र काही खास नव्हतं, माझ्या सातवीच्या पोरींनी याहून बरं काढलं असतं. पण कळायचं ते कळलं. दादाच्या गुदाशयाचा कॅन्सर अडीच वर्षांपूर्वी कापून काढला होता, तो त्याच जागी परत आला होता. आणि या वेळी मूत्राशयाला जाऊन चिकटला होता.

अमरावतीच्या त्या दवाखान्यात आम्ही तिघं होतो. दादा, वहिनी आणि मी. मी दादाची धाकटी बहीण. अकोल्याला जठारपेठेत राहते, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. दादा तिवशाजवळच्या आमच्या गावी शेती करतो. घरात शिकलेली मी एकटीच, म्हणून कोणताही कागद आला की माझ्याकडे, आणि काहीही ठरवायचं असलं की "तिले विचारा". चाळीस वर्षं लोक विचारत राहिले आणि मला वाटायला लागलं, आपल्याला खरंच सगळं कळतं.

सर्जन सावकाश सांगत होते. फुप्फुसात, यकृतात कुठे पसरलेलं नाही, म्हणून ऑपरेशनला अर्थ आहे. पण ते लहान नाही. उरलेलं गुदाशय, मूत्राशय, प्रोस्टेट, सगळं एकत्र काढावं लागेल, तरच गाठ मुळासकट निघेल. शौचाची वाट कायमची बंद, लघवीचीही. पोटावर डावीकडे एक पिशवी, उजवीकडे दुसरी, जन्मभर. नवराबायकोचे संबंध राहणार नाहीत, हेही त्यांनी न अडखळता सांगितलं, तेव्हा वहिनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली. नाही केलं तर दुखणं वाढत जाईल, औषधांनी काही महिने रेटता येईल. दहा-बारा दिवसांत ठरवा, म्हणाले, गाठ आणखी खोल गेली तर मग माझ्याही हातात काही राहणार नाही.

दादानं तो कागद पाहिला, दुपट्टा खांद्यावर टाकला.

"नाई करत मी," म्हणाला, आणि बाहेर गेला.

दवाखान्याच्या कँटीनमध्ये मी त्याला गाठलं. तो उभ्यानंच चहा पीत होता, कारण माकडहाडात इतकं दुखायचं की लाकडी बाकावर दोन मिनिटं बसवत नव्हतं. मी त्याला शाळेतल्या पोरासारखं फैलावर घेतलं. तो कारणं देत गेला. कापूस वेचायचा राहिला आहे, वय झालं आहे, आता दोन पिशव्या लटकावून कोणता पहाड चढायचा आहे. मी म्हटलं, मरायची इतकी घाई आहे का. तो हसला आणि माझ्या चहाचे पैसेही देऊन आला. माझा संताप संताप झाला. अकोल्याच्या एसटीत बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते, आणि शेजारची बाई माझे हातवारे पाहून खिडकीकडे सरकली.

दादा कोण आहे ते सांगायला हवं. आमच्या भागात शेतात रोडग्यांची पार्टी होते. कणकेचे थरांचे गोळे गोवऱ्यांच्या इंगळावर भाजायचे, फोडून त्यावर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. हे काम बाप्यांचं, आणि त्यातही ज्याच्या हाताला इंगळ कळतो त्याचं. दादाला कळतो. तिवसा तालुक्यात कोणाच्याही शेतात रोडगे असले की दादाला बोलावणं यायचं. पाटलाच्या शेतातही. तो उकिडवा बसायचा, चिमट्यानं एकेक रोडगा उलटायचा आणि आजूबाजूला बसलेल्यांना शिव्या घालायचा. लोक त्या शिव्या ऐकायलाही यायचे.

आमच्या बाबांच्या लहानपणी मात्र असं नव्हतं. गावजेवणात आमच्या लोकांनी पार बैलगाड्यांच्या पलीकडे बसायचं, आणि वाढणारा उंचावरून पानात टाकायचा, शिवाशिव नको म्हणून. टाकलेलं अर्धं मातीत पडायचं. धम्म घेतल्यावर बाबांनी असल्या जेवणाला जाणं सोडलं आणि आपल्या घरी एक रीत घातली. आपल्याकडे जो येईल तो एका ओळीत बसेल, आणि शेवटच्या पानावर वाढून झाल्याशिवाय पहिल्या पानावरचा घास उचलायचा नाही. पाहुणा कितीही मोठा असो, त्यानं थांबायचं. भुकेनं आम्ही रडायचो, पण बाबा ढिम्म.

तर अशा दादाला मी रोज फोन करायला लागले. मावसभावाला पाठवलं, गावच्या सरपंचाला सांगितलं, त्याच्या मुलीला सुरतेहून फोन करायला लावला. दादा सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि पिकाचं बोलायचा. सहा दिवस असे गेले. सातव्या दिवशी मी बॅग भरली आणि तिवसा गाठलं. म्हटलं, याला ओढतच नेते.

स्टँडवर वहिनी न्यायला आली होती. ऑटोत बसल्या बसल्या माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. हा माणूस अडाणी तो अडाणीच राहिला, पहिल्या वेळीही आठ महिने रक्त पडत होतं तर ताक पीत बसला, वगैरे. वहिनी कधी उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"ताई, ताक प्या म्हणून तुमीच सांगतलं होतं."

खरं होतं. दादानं लाजत लाजत फोनवर रक्ताचं सांगितलं होतं, आणि मी म्हटलं होतं, मूळव्याध असेल, गरमी झाली असेल, तिखट सोड, सब्जा घे, ताक पी. आपल्याकडे खाली रक्त दिसलं की पहिला गुन्हेगार तिखटच. मी शिकलेली, मी सांगितलं, म्हणून तो आठ महिने डॉक्टरकडे गेला नाही. आणि वहिनीचं अजून संपलं नव्हतं. ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, त्याइले पिशवीचं भेव नाही, ताई, त्याइले लग्नातलं ध्यानात आहे.

माझ्या पोरीचं लग्न. मी ते विसरले नव्हते. मी त्याला व्यवस्था म्हणत होते.

पहिल्या ऑपरेशननंतर आतली जोडणी भरून यावी म्हणून दादाच्या पोटावर काही महिन्यांपुरती पिशवी होती. त्याच महिन्यांत अकोल्यात माझ्या मुलीचं लग्न होतं. जावयाकडचे नाशिकचे, अधिकारी लोक, आणि मला त्यांचं भारी टेन्शन. कोणाला काही कळू नये म्हणून नातेवाइकांत मी सांगून ठेवलं होतं की दादाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. लग्नाच्या सकाळी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, दादा, पोरीला स्टेजवर तूच ने, मामाचा मान तुझाच, पण पंगतीत बसू नको. वास-बीस आला तर त्या लोकांसमोर बरं दिसत नाही. तुझं ताट मी आतल्या खोलीत पाठवते. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठी रोडगे ठरले होते, ते करायला मी बडनेऱ्याचा एक आचारी सांगून टाकला. दादा बरं म्हणाला. इतकं सहज म्हणाला की मला वाटलं, त्यालाही तेच हवं होतं.

दादा शेतात होता, निंबाखाली, पोटावर पालथा पडून. बसता येत नव्हतं म्हणून असा पडून तो वेचणाऱ्या बायांवर लक्ष ठेवत होता. मी त्याच्याजवळ मातीत बसले. आयुष्यात मी कोणाची माफी मागितलेली नाही. शाळेत चुकले तरी फळा पुसून पुढचं गणित घ्यायचे. मी म्हटलं, दादा, लग्नाचं माझं चुकलं. तो बायांकडेच पाहत राहिला. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा तो कुशीवर वळला, आणि माझ्याकडे न पाहता हळू बोलला.

"बाबाले दुसऱ्याइनं लांब बसवलं होतं, बाई. मले तू बसवलं."

मी रडले. बाया कापूस वेचायच्या थांबून पाहायला लागल्या, तरी रडले. तो म्हणाला, तिथं खोलीत ताट समोर होतं, बाहेरून पंगतीचा आवाज येत होता, आणि मले बैलगाड्या दिसत होत्या. आता जन्मभर दोन पिशव्या म्हणजे जन्मभर ती खोली. त्यापेक्षा मी लोकाइत जेवून मरतो. त्याच्या मते हा जगण्या-मरण्याचा हिशोब नव्हताच, आणि चूक माझी होती.

मग मला एकच सुचलं. मी फोन काढला, मुलीच्या सासूला लावला आणि दादालाही ऐकू येईल असा स्पीकरवर ठेवला. विहीणबाईंना सगळं सांगितलं. माझ्या भावाला गुदाशयाचा कॅन्सर आहे. हर्निया नव्हता, मी खोटं बोलले. लग्नात त्याच्या पोटावर शौचाची पिशवी होती, आणि तुम्ही काय म्हणाल म्हणून मी त्याला आत खोलीत जेवायला बसवलं. आता त्याला दोन पिशव्या लावायच्या आहेत आणि माझ्यामुळे तो नाही म्हणतो आहे. एका दमात बोलले.

"अहो, आम्हाला वाटलं मामा आमच्यावर नाराज आहेत," विहीणबाई म्हणाल्या. "पंगतीला बसले नाहीत, रोडगेही केले नाहीत. आमचं काय चुकलं म्हणून हे तर अजून विचारतात."

दादाला हसू आलं. हसल्यावर दुखलं, कण्हला, आणि पुन्हा हसला. म्हणाला, हात तुझी, तू माझ्या पायी त्या बिचाऱ्याइलेही कोड्यात घातलं. मी म्हटलं, हो. त्या दिवशी मी सगळ्यालाच हो म्हणत होते. त्यानं लगेच होकार दिला नाही. संध्याकाळी जेवताना, वहिनी भाकर वाढत असताना म्हणाला, त्या डॉक्टरले फोन लाव, विचार कधी येऊ ते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पिशव्यांचं काम पाहणारी एक सिस्टर आली, तिशीची, धारणीकडची. पिशव्या कुठे येतील त्या जागा आधीच शाईनं आखाव्या लागतात, म्हणाली, नाहीतर पट्ट्याखाली किंवा पोटाच्या वळीत येतात आणि गळतात. तिनं दादाला उभं केलं, वाकवलं, बसवलं. मग विचारलं, काका, काम काय करता? दादा म्हणाला, शेती, अन् रोडगे. ती म्हणाली, रोडगे करताना कसे बसता ते दाखवा. दादानं माझ्याकडे पाहिलं. मग दुखत असताना वॉर्डातल्या फरशीवर उकिडवा बसला, आणि हवेतल्या चिमट्यानं हवेतला रोडगा उलटला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसून पाहायला लागला. सिस्टर त्याच्यासमोर तशीच उकिडवी बसली, पोटाची वळी कुठे पडते ते पाहिलं आणि डावी खूण दोन बोटं वर सरकवली. इतके डॉक्टर झाले, पण त्याच्या रोडग्याचं विचारणारी ती पहिलीच. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

सकाळी आठला आत नेलं. आम्ही दोघी जिन्याशेजारच्या बाकावर. वहिनीनं डबा आणला होता, तो कोणी उघडला नाही. दुपारी तीनला कोणीतरी रक्ताची आणखी एक बाटली घेऊन आत पळालं, आणि मी पुन्हा ताक, सब्जा, आठ महिने मोजायला लागले. वहिनी एवढंच म्हणाली, आता मागचं नका उकरू, ताई. संध्याकाळी सहानंतर सर्जन बाहेर आले. टोपीनं कपाळावर वळ उठला होता. गाठ निघाली, म्हणाले, हाडाला लागलेली नव्हती, बाकी तपासणीचा रिपोर्ट येईल तेव्हा. बारा दिवसांनी तो आला. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या. मी पेढे आणायला निघाले तर सर्जननी थांबवलं. एकदा परत आलेला आजार आहे, दर तीन महिन्यांनी यावं लागेल, आणि मी कसलंही वचन देत नाही. मला ते आवडलं. मी आयुष्यभर फार वचनं दिली होती.

पिशवी बदलायला सिस्टरनं वहिनीला शिकवलं. मी म्हटलं, मलाही शिकवा. पोटावर लाल ओलसर तोंड असतं आतड्याचं, त्याच्या मापाचं भोक पिशवीच्या चिकट चकतीला कापायचं, कातडी कोमट पाण्यानं पुसून कोरडी करायची, मग चकती दाबून चिकटवायची. पहिल्या दिवशी मी श्वास रोखून काम करत होते. दादाच्या ते लगेच ध्यानात आलं. म्हणाला, श्वास घे बाई, नाहीतर माझ्याआधी तूच जाशील. मी श्वास घेतला. वास होता. माणसाला असतो तेवढाच.

घरी आल्यावर त्याचे दिवस सोपे नव्हते. खालची जखम भरायला तीन महिने लागले. दोनदा ताप आला, दोनदा अमरावतीला धावलो. एकदा लघवीची पिशवी रस्त्यात सुटली, तर तो चार दिवस घराबाहेर पडला नाही आणि वहिनीवर चिडत राहिला. मी अकोल्याहून फोन करायचे. सल्ला द्यायचा नाही असं ठरवलं होतं, ते दहातल्या सहा वेळा जमायचं.

हरभरा सोंगून घरी आला तेव्हा त्यानं स्वतःहून निरोप पाठवला, रविवारी रोडगे आहेत, पोरीला-जावयाला घेऊन ये. विहीणबाई आणि व्याहीही नाशिकहून आले. गावची पंधरा-वीस माणसं होती. कणीक दुसऱ्यांनी मळली, इंगळ दादानं पाहिला. उकिडवं बसणं अजून जमत नव्हतं, म्हणून बुटक्या स्टुलावर मऊ उशी टाकून बसला होता, सैल सदरा घालून, चिमटा हातात. व्याह्यांनी एक रोडगा उलटायला घेतला तर त्यांनाही अस्सल वऱ्हाडीत सुनावलं. नाशिकचा अधिकारी शिवी खाऊन इतका खूश झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

पंगत बसली. पत्रावळी मांडल्या, वरण फिरलं, भाजी फिरली, तूप फिरलं. मी ओळीवरून नजर टाकली आणि दादा दिसेना. पाहिलं तर तो पार बांधाजवळ, बैलगाडीच्या पलीकडे, आपली पत्रावळ घेऊन बसला होता. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. गाडीचंही त्याच्या लक्षात आलं नसावं. सवयीनं बसला होता, एका दिवसात मी लावलेल्या सवयीनं.

मी माझी पत्रावळ उचलली, वरण सांडत सांडत गाडीला वळसा घालून त्याच्याकडे गेले आणि शेजारी मांडी घातली.

"लांब बस बाई," तो हळूच म्हणाला. "वास येईन तुले."

टोमणा नव्हता. तो खरंच माझी काळजी करत होता, आणि तेच मला जास्त लागलं.

"येऊ दे," मी म्हटलं, आणि पत्रावळ त्याच्या पत्रावळीला टेकवली.

माझ्यामागून माझी पोरगी आली आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. पलीकडे पंगतीत कोणी घास उचलला नव्हता. बाबांची रीत गावात सगळ्यांना ठाऊक आहे, नाशिकचे पाहुणे बाकीच्यांकडे पाहून थांबले होते. वहिनी रोडगे आणि वरणाचं भांडं घेऊन लगबगीनं आली आणि तिनं दादाच्या रिकाम्या पानावर वाढलं. दादानं रोडगा फोडला, वाफ गेली, त्यातला मोठा अर्धा माझ्या पानात ठेवला.

"जेव आता," तो म्हणाला. "लोकं थांबले हायेत."